‘सुंदरी आणि पशू’ दिवाडीला नेताना

परीकथेची शृंगारिक पुनर्कथा लिहायची तर आधी मूळ कथेत होकाराला जागा आहे का ते बघा. निद्रिस्त राजकन्या इथेच अडते, जवळीक ती जागी झाल्यावरच. लाल टोपीवालीला हात लावूच नका; वय वाढवलं तरी वाचकाला मूलच दिसतं.

‘सुंदरी आणि पशू’ सर्वांत सोयीची. फ्रेंच लेखिका व्हिलनव्हच्या १७४० च्या कथेत पशू रोज रात्री शय्येबद्दलच विचारतो, ब्यूमाँ या लेखिकेने १७५६ मध्ये तीच कथा पुन्हा सांगताना तो प्रश्न लग्नाचा केला. तुम्ही पहिला घ्या. तीन हजार शब्दांत तो चारदा पुरे, आणि तिचा नकार दरवेळी वेगळा हवा: भीतीचा, रागाचा, थट्टेचा. चौथ्यांदा तिनेच विचारावं. नकार सारखेच राहिले की शेवटचा होकार थकव्यातून आल्यासारखा वाटतो.

स्थळ गोव्यातल्या दिवाडी बेटावरचं जुनं घर, पावसाळा, ओला बाल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा). शेवटची फेरीबोट चुकली म्हणून ती राहिली, असं मात्र लिहू नका. मग ती अडकलेली ठरते. बोटीची वेळ ठाऊक असून ती उठत नाही, इतकंच दाखवा.

भाषेत दोन खड्डे आहेत. ‘उरोज’, ‘अधर’ लिहिलं की संगीत नाटक सुरू होतं (गोव्यात त्याला प्रेक्षक आहेत, पण इथे नकोत), आणि वैद्यकीय शब्दांनी दवाखाना येतो. मान, पाठ, घाम, श्वास हे साधे शब्द पुरतात.

चित्रपटांनी घातलेली पात्रं, गाणी घेऊ नका. त्यांचे हक्क राखीव असतात. जुना मजकूर मोकळा आहे.