पर्ज व्हॉल्व्ह बदलण्याआधी तार तपासा

आमची गाडी इंदूरला सुदामानगरात कडुलिंबाखाली उभी असते. गेल्या मे महिन्यात चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी-०४४३ हा कोड आला. मिस्त्री म्हणाला, "भिया, व्हॉल्व्ह गया." नवा बसवला, पैसे दिले, आणि राजवाड्यापर्यंत येतोय तोच दिवा पुन्हा हजर! ०४४३ म्हणजे पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटमध्ये बिघाड, एवढंच. त्यात व्हॉल्व्हही आला, तारही आली.

टाकीतल्या पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, साठवतात. इंजिन गरम झालं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ती वाफ इंजिनात ओढली जाऊन जळते. करंट नसताना हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा.

काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत करा. विडी-सिगारेट लांब ठेवा. इनटेक मॅनिफोल्डजवळ, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याजवळ, दोन नळ्या आणि दोन पिनांचं सॉकेट असलेला छोटा काळा प्लास्टिकचा भाग शोधा.

आधी बोटाची परीक्षा. इंजिन चालू करून कॅनिस्टरकडची नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता चालू, असताना ओढ लागायला नको. लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी टाकी भरल्यावर लवकर सुरू होत नाही. गरम इंजिनावर मात्र ईसीयू स्वतःच व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा फसू नका.

मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि स्वच्छ नळी लावून फुंका. हवा जायला नको. लांब तारांनी बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर द्या, मात्र पेट्रोलच्या नळ्यांपासून दूर, कारण ठिणगी उडते. टक् आवाज येऊन हवा जायला हवी. आता मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही पिनांत मोजा. बऱ्याच गाड्यांत २० ते ३० ओहम येतात, पण नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलचा धरा. मीटरने आकडाच दाखवला नाही (ओएल आलं) तर आतली कॉइल तुटली, शून्याजवळ आलं तर शॉर्ट झाली.

इथवर सगळं ठीक असेल तर तारांकडे वळा. (माझा व्हॉल्व्ह ठीकच होता, जुनाही!) सॉकेट सुटं ठेवून किल्ली ऑन करा. मीटर आता डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्याची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल एकेका पिनेला. एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्ट दिसावेत. काही गाड्यांत ते इंजिन चालू असतानाच येतात. कुठेच नाहीत तर आधी फ्यूज आणि रिले बघा. मीटरचा जाड टोक सॉकेटात कोंबू नका, पिना सैल होतात. बारीक टाचणी वापरा.

दुसरी पिन ईसीयूची. तो तिला जमिनीला, म्हणजे अर्थला, झटक्याझटक्याने जोडतो. दोन पिनांत छोटा एलईडी टेस्टर लावून इंजिन गरम होऊ द्या: तो लुकलुकायला हवा. किल्ली ऑन करताच सतत जळत राहिला तर ती तार बहुधा कुठेतरी बॉडीला लागली आहे. हेडलाइटचा बल्ब इथे लावू नका, ईसीयू जाईल.

लुकलुकलाच नाही तर किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, ईसीयूचा सॉकेट सोडा आणि वायरिंग डायग्राम बघून मीटर पुन्हा ओहमवर ठेवून त्या तारेचं टोकाला टोक मोजा. एक ओहमपेक्षा कमी यावं. मोजताना तार हलवत राहा. माझ्या मीटरचा आकडा असं हलवतानाच एकदम वर उडाला: बॅटरीच्या ट्रेमागे उंदरांनी तार अर्धी कुरतडली होती.

तार सोल्डर करून हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. इंजिनच्या उष्णतेत नुसती टेप सुटते. मग कोड पुसा, दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि एकदा टाकी भरून लगेच सुरू करून पाहा.