लॅम्बोर्गिनी चीताचे मॉडेल जुन्या छायाचित्रांवरून कसे बनवावे

लॅम्बोर्गिनीने १९७७ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या ‘चीता’ या लष्करी गाडीचे मॉडेल करायचे म्हटले की एक सल्ला हमखास मिळतो: लॅम्बोर्गिनीच्याच नंतरच्या एलएम००२ या जीपवजा गाडीचे तयार मॉडेल आणा आणि कापून चीता करा. हा सल्ला मुळीच ऐकू नये. एलएम००२चे व्ही-१२ इंजिन पुढे असल्यामुळे तिचे बॉनेट उंच आणि फुगीर आहे. चीताचे क्रायस्लर व्ही-८ इंजिन मागे होते आणि तिचा पुढचा भाग बसका होता. ही गाडी एका कॅलिफोर्नियातील कंपनीसाठी, अमेरिकी सैन्यावर नजर ठेवून, नमुन्यापुरतीच तयार झाली. म्हणून भिस्त छायाचित्रांवरच ठेवावी लागते.

प्रमाण १:२५ निवडावे. अमेरिकी प्लॅस्टिक किटमध्ये या प्रमाणातली क्रायस्लर व्ही-८ इंजिने सहज सापडतात आणि सर्वांत किचकट भाग आयता मिळतो.

खरी कसोटी मापे काढताना लागते, आणि बहुतेक मॉडेल इथेच बिघडतात. बाजूने घेतलेले छायाचित्र छापून लगेच पट्टी लावू नये. आधी मागच्या चाकाची रिम मोजावी. पुढचे चाक स्टिअरिंगमुळे वळलेले असू शकते, म्हणून त्यावर भरवसा नको. रिमची उभी आणि आडवी मापे सारखी असतील तरच छायाचित्र नेमके बाजूने घेतलेले आहे. उभे माप २० मि.मी. आणि आडवे १९ मि.मी. आले, तर गाडी कॅमेऱ्यापासून सुमारे १८ अंशांनी वळलेली असते आणि ते छायाचित्र लांबी काढण्यासाठी बाद करावे. त्यानंतर पुढच्या व मागच्या रिमची उभी मापे ताडून पाहावीत. त्यांत फरक असेल, तर कॅमेरा एका टोकाच्या जवळ होता आणि त्या टोकाची प्रत्येक गोष्ट मोठी दिसते आहे. अशा वेळी दोन्हींची सरासरी काढून काम भागवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मॉडेलची कॅमेऱ्यापासून दूरची बाजू कायम आखूड दिसते.

टायर मोजण्याच्या फंदात पडू नये, कारण वजनाने तो खाली दबतो आणि वाळूत तर त्याचा तळच दिसेनासा होतो. याच कारणाने सर्व उंची जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यबिंदूपासून मोजाव्यात. चालकाच्या उंचीवरून गाडीची उंची ठरवणे हा तर निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतले अंतर, मात्र छापील तपशिलातून घ्यावा आणि बाकी सर्व लांबी त्याच्या गुणोत्तरात काढाव्यात: तो ३,००० मि.मी. धरला, तर मॉडेलवर १२० मि.मी. येतो. छत आणि विंडस्क्रीनचा मधला भाग कॅमेऱ्यापासून चाकांपेक्षा दूर असल्यामुळे किंचित लहान दिसतो, म्हणून त्यांची मापे समोरून घेतलेल्या छायाचित्राशी पडताळून पाहिल्याशिवाय प्लॅस्टिक कापू नये. पडताळणीसाठी एफएमसी या अमेरिकी कंपनीच्या एक्सआर३११ या लष्करी गाडीची छायाचित्रे वापरण्याचा मोह होईल, कारण दोन गाड्यांत इतके साम्य आहे की चीता ही आपल्या गाडीची नक्कल असल्याचा आक्षेप एफएमसीने घेतला होता. तरीही रचना समजून घेण्यापलीकडे ती छायाचित्रे वापरू नयेत. मापे चीताचीच हवीत.

मापे जुळल्यावर आधी पुठ्ठ्याचा ढाचा करून तो छायाचित्रातल्या कोनातून एक डोळा मिटून पाहावा. डोळ्याला खटकले तर पुन्हा मोजावे.

त्यापुढचे काम सोपे आहे. बॉडी एक मि.मी. जाडीच्या प्लॅस्टिक शीटची करावी, सांगाडा प्लॅस्टिकच्या गोल काड्यांचा करावा आणि इंजिन मागच्या चाकांपाशी बसवावे. मूळ बॉडी फायबरग्लासची होती, त्यामुळे लष्करी गाडी म्हणून पत्र्यावर शोभणाऱ्या रिव्हेटच्या रांगा तिच्यावर लावू नयेत आणि कडा पॉलिश पेपरने किंचित गोल कराव्यात. रंग चकचकीत नसावा. तो दोन पातळ थरांत द्यावा आणि धूळ फक्त चाकांवर व खालच्या पट्ट्यावर ठेवावी.