मोठ्या आकाराचं फिगर-किट निवडताना गणवेश नको, कंबर बघा

मालवणात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायचं मोठं जाळं, ओढणारा माणूस फिगर-किटमधून (सुटे भाग जोडून करायची माणसाची छोटी आकृती) घडवायचं ठरवलं, तेव्हा मी खोक्यावरच्या चित्राला भुललो. उघड्या अंगाचा, ऐटीत उभा असलेला सैनिक आणला. त्याची विजार खरवडली, कमरेला पुटीचा (मळून आकार दिल्यावर घट्ट होणाऱ्या लगद्याचा) रुमाल नेसवला, हातात दोरी दिली. शेजारच्या आजोबांचा जन्म रापणीत गेलेला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला आणि म्हणाले, "ह्यो नुसतो उभो आसा. ओढता खंय?"

तेव्हापासून मी किट घेताना आधी कंबर बघतो. कपडे, टोपी, पट्टे पुटीने बदलता येतात. शरीराचा तोल बदलणं मात्र जिकिरीचं काम.

तोल तपासायची सोपी युक्ती आहे. किटच्या बाजूने काढलेल्या फोटोवर, गळ्याच्या खळगीपासून सरळ खाली पट्टी धरा. नुसत्या उभ्या माणसात ती रेघ पावलांच्या आसपास उतरते. दोरी ओढणारा मागे रेललेला असतो, टाचा वाळूत रोवलेल्या असतात आणि रेघ पावलांच्या बरीच मागे पडते. त्याला दोरीनेच तोलून धरलेलं असतं. म्हणून उभ्या सैनिकाच्या हातात दोरी दिली की ती शोभेची वाटते.

मग ओढणारा कुठून आणायचा? बसलेल्या आकृत्या बघा. मोटारसायकलस्वाराचे गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, हात पुढे आणि मुठी वळलेल्या असतात. त्याला गाडीवरून उतरवून पाठीकडे कलता केला की अर्धा रापणकर तयार. फक्त हँडलवरच्या मुठी आडव्या असतात आणि दोरी समोरून येते, त्यामुळे दोन्ही मनगटं कापून काटकोनात फिरवावी लागतात. बोटं पुटीतून घडवण्यापेक्षा हे शंभर पटींनी सोपं. मावळा करायचा असेल तर उघड्या डोक्याची, ढगळ विजारीची आकृती शोधा. हेल्मेट तासून त्यावर पागोटं चढवलं की डोकं भोपळ्याएवढं होतं.

आता आकार. १/१६ म्हणजे खऱ्या माणसाच्या सोळाव्या हिश्श्याएवढी आकृती. १६५ सेंमी उंचीचा माणूस १/३५ मध्ये सुमारे ४.७ सेंमी, १/१६ मध्ये १०.३ सेंमी आणि १/९ मध्ये १८ सेंमीच्या वर जातो. पहिल्या बदलासाठी मी १/१६ सुचवीन. तामिया आणि मिनिआर्ट दोघांच्याही या आकारात प्लॅस्टिकच्या आकृत्या आहेत. १/१६ सुचवण्याचं कारण कापडात आहे. पुटीची १ मिमी जाडीची पोळी १/३५ च्या माणसावर साडेतीन सेंमी जाड होते, म्हणजे अंगावर गादीच. १/१६ वर ती १.६ सेंमीची गोधडी. टाल्कम पावडर भुरभुरून, दोन प्लॅस्टिक कागदांमध्ये बाटलीने अर्धा मिमीपर्यंत लाटली, तर रुमालाची चुणी खरी वाटू लागते.

सामान कसलं घ्यावं? कापाकापीसाठी साधं पॉलिस्टायरीन प्लॅस्टिक. बारीक करवतीने कापतं आणि प्लॅस्टिक वितळवणाऱ्या गोंदाने सांधा एकजीव होतो. रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेसारख्या पदार्थाचे) चेहरे जास्त रेखीव, पण ते ठिसूळ. त्याला सुपरग्लू किंवा इपॉक्सी लागतं, आणि घासताना पाण्यात घासा, तोंडाला मास्क लावा. ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. रंगाआधी भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग सुटतो. उन्हात तापून आलेली रेझिनची तलवार कोयत्यासारखी वाकली असेल, तर गरम पाण्यात बुडवून सरळ करता येते. धातूची आकृती पहिल्या बदलासाठी नकोच.

विकत घेण्याआधी रंगवलेल्या नमुन्याऐवजी सुट्या भागांचा फोटो बघा. डोकं, हात वेगळे आहेत का? काडतुसांच्या पिशव्या सुट्या आहेत की अंगाला चिकटलेल्या? चिकटलेल्या असतील तर त्या तासताना खालच्या चुण्याही जातात.

आमच्या किनाऱ्याची एक वेगळी कटकट आहे. माझ्या त्या पहिल्या सैनिकाचा हात मी कागदाच्या पिनेची तार घालून जोडला होता. दोन पावसाळ्यांत खांद्यावर तांबूस डाग उमटला, पुढे रंगच फुगून आला. खाऱ्या हवेत आत पितळेचीच तार घाला. उघडलेला सुपरग्लू सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवा. आणि जून ते सप्टेंबर प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे उचलू नका. दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते. या दिवसांत ब्रशने पातळ अॅक्रिलिक प्रायमर लावलेला बरा.

रंगवताना घाई होते ती डोळ्यांची. १/१६ मध्ये डोळा जेमतेम २ मिमी रुंद. इथे आमच्या गणपतीच्या शाळेतल्या, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यातल्या, डोळ्यांच्या आखणीची सवय कामी येते: श्वास रोखायचा, करंगळी टेकायची, आधी वरच्या पापणीची गडद रेघ. बुबुळ पापणीत थोडं दडलेलं हवं. पूर्ण गोल दिसलं तर रापणकर भूत बघितल्यासारखा दिसतो. बुबुळावर उजेडाचा ठिपका देण्याचा मोह होईल. समुद्राकडे उन्हात बघणाऱ्या माणसाचे डोळे बारीक झालेले असतात, तेव्हा मी तो देत नाही.

दोरीसाठी सुती दोरा मेणातून ओढून घ्या, म्हणजे त्याची लव बसते. एक टोक मुठींतून नेऊन दुसरं तळाच्या लाकडी पाटाला खिळ्याने ताणून बांधा. दोरा जरा सैल राहिला, की माणूस पुन्हा नुसता उभा.