कोविड झाला की घरी नेमकं काय बघायचं, आणि लस कधी घ्यायची

घरात कुणाची टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिला प्रश्न असतो गोळ्या कुठल्या द्यायच्या. गोळ्यांच्या आधी एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तारीख लिहा, टेस्टची नाही, घसा खवखवला किंवा कणकण आली ती. तो पहिला दिवस. पुढचे सगळे निर्णय या दिवसांच्या हिशोबाने होतात, कारण ज्यांची तब्येत बिघडते त्यांची बहुतेकदा पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मधे बिघडते. माझ्या आईचा ताप चौथ्या दिवशी उतरला आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो, सातव्या दिवशी सहज बघितलं तर रक्तातला ऑक्सिजन 91 टक्के, आणि ती आरामात गप्पा मारत होती, दम वगैरे काही नाही. या आजारात असं होतं, ऑक्सिजन कमी झालेला पेशंटला जाणवतच नाही, म्हणून "मला बरं वाटतंय" यावर विसंबून राहू नका, मोजा.

ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र, लावायची पण एक पद्धत आहे. नेलपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसू द्या आणि मग बोटाला लावून मिनिटभर थांबा, पहिला दिसला तो आकडा लिहायचा नाही, स्थिर झाला की लिहायचा. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, त्यामुळे एका आकड्यापेक्षा रोजच्या आकड्यांचा कल बघा, काल 98 होता आज 95 आहे तर तेही डॉक्टरांना कळवा. दिवसातून तीनदा पुरे. 95 किंवा वर असेल तर घरी चालेल, 93-94 परत परत येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, 92 किंवा खाली गेला तर सरळ हॉस्पिटल, सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ज्यांना आधीपासून फुफ्फुसाचा जुना आजार आहे त्यांचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. आणि आकडा चांगला असला तरी ओठ निळसर दिसणं, छातीत सतत दाब, असंबद्ध बोलणं, उठवूनही नीट जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. गाडी येईपर्यंत पेशंटला पालथं झोपवता आलं तर झोपवा, छातीखाली आणि पायाखाली उशी द्या (गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर).

तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम. मोठ्या माणसाला 24 तासात 4 ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर मर्यादा अजून कमी, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमधे पण पॅरासिटामॉल असतं ते धरून मोजा. लहान मुलांना ॲस्पिरिन नको.

आता स्टेरॉइड. याबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. 2020 मधे ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमधे, म्हणजे औषधाच्या चाचणीत, दिसलं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. म्हणजे तेच औषध घरी दुसऱ्या दिवशी "लवकर बरं वाटावं" म्हणून घेतलं तर फायदा शून्य, वर शुगर वाढते, प्रतिकारशक्ती दबते, आणि डायबेटिस असेल तर काळ्या बुरशीसारख्या इन्फेक्शनला वाट मिळते. दुसऱ्याच्या प्रिस्क्रिप्शनवरून तर अजिबातच घेऊ नका. अझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या तिन्हींचा मोठ्या ट्रायलमधे कोविडवर उपयोग दिसला नाही.

उपयोग होतो तो पॅक्सलोविडचा (कोविडच्या विषाणूवरच्या गोळ्या), पण वय जास्त असलेल्यांना किंवा आधीचे आजार असलेल्यांना, आणि तेही पाच दिवसांच्या आत सुरू केलं तर. इथे परत वहीतली तारीख लागते. रक्त पातळ करायची, कोलेस्टेरॉलची आणि इतर बऱ्याच औषधांशी याचं पटत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी त्याच वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, किडनीचा त्रास असेल तर तोही सांगा.

लसीचं म्हणाल तर आजार चालू असताना घेऊ नका, पूर्ण बरे व्हा, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही साधारण तीन महिने थांबलं तरी चालेल असं सांगतात, पण वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी किती थांबायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. घेतल्यावर 15 मिनिटं तिथेच बसा, आधी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल तर 30 मिनिटं. दंड दुखणं, एकदोन दिवस ताप हे होतंच, त्यासाठी गोळी नंतर घ्या, आधीच घेऊन जाऊ नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नर्सला सांगा आणि टोचल्यावर दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना लस घेता येते, उलट गरोदरपणात कोविड जास्त त्रास देतो. तरुण मुलांमधे एमआरएनए प्रकारच्या लसीनंतर (फायझर, मॉडर्ना यांच्या) क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आठवडाभरात छातीत दुखलं किंवा धडधड झाली तर दुर्लक्ष न करता दाखवा. आणि डोस घेतला त्याच दिवसापासून संरक्षण मिळत नाही, साधारण दोन आठवडे लागतात, तोपर्यंत गर्दीत मास्क ठेवा.