उन्हाळ्यात कुत्र्याला माळावर नेताय? या चुका टाळा

आमच्या तांबू कुत्र्याची आई मुधोळ या शिकारी जातीची, बाप बेळगावात शहापूरच्या गल्लीतला. त्यामुळं पळायला वारा आणि ऐकायला ठार बहिरा. मागच्या मे महिन्यात येळ्ळूरच्या राजहंसगडाखालच्या माळावर तो एका बाभळीच्या सावलीत बसला तो बसलाच. मी पट्टा ओढला, दटावलं, "नाटकं करू नको" म्हणालो. पावणेनऊ झाले होते. नाटक कसलं, त्याला ऊन लागलं होतं. आणि चूक घरातून निघतानाच झाली होती.

उशिरा निघणं

बेळगावकरांना आपल्या हवेचा भारी अभिमान. "आमच्याकडं कुठं एवढं ऊन?" म्हणत आपण निवांत चहा घेतो आणि साडेसातला निघतो. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमाराला वर येतो. म्हणजे आपण माळावर पोचतो तेव्हा दगड तापायला लागलेले असतात. आपल्या पायात बूट असतात, कुत्र्याचं पोट जमिनीपासून जेमतेम फूटभर. माझा आताचा हिशेब साधा आहे: साडेपाचला गाडी काढायची, साडेसातला परत गाडीपाशी. वाटेत डांबरी रस्ता असेल तर हाताची मागची बाजू त्यावर सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

वळीव पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तर जास्तच फसायला होतं. हवा गार वाटते म्हणून आपण लांबची फेरी काढतो. कुत्र्याला घाम येतो तो फक्त तळपायाला, तोही थोडाच. तो धापा टाकून, तोंडातला ओलावा उडवून अंग गार करतो. हवाच दमट असली की ओलावा उडत नाही आणि धाप नुसती वाढत जाते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मे महिन्यात माळ दाखवूच नये, हे माझं स्पष्ट मत.

जीभ लांब आणि टोकाला रुंद झाली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल अडखळली, की फिरणं तिथंच थांबवायचं. सावलीत न्यायचं, साधं पाणी पोटावर, मांड्यांत, पंजांवर ओतत राहायचं आणि टोपीनं वारा घालायचा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. पाणी घोटघोट द्या, तोंडात ओतू नका. कुत्र्याचं अंग एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं तर जिवावर बेततं, म्हणून आधी गार करायचं, मग डॉक्टरकडं धावायचं. तो उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरला दाखवायचंच.

टिटवी ओरडतेय म्हणून हसणं

पहाटेच्या माळावर बघण्यासारखं खूप असतं. गाणं म्हणत सरळ वर चढणारा चंडोल, तित्तिराची हाक, शेपटीचं काळं टोक मिरवत बिळाकडं परतणारं खोकड. पण एक टिटवी तांबूच्या डोक्यावर झेपावायला लागली तेव्हा मी मोबाइल काढून चित्रीकरण करत बसलो. लांबून एक मेंढपाळ ओरडला, "कुत्रं धर गा! अंडी हायत तिथं!" त्यानं काठीनं दाखवलं तरी मला पटकन दिसेनात. खड्यांच्या मधोमध चार अंडी, मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. माझा बूट दोन हातांवर होता.

उन्हाळ्यात टिटवी अंडी उबवते तशीच त्यांना सावलीही करते. पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. चढत्या उन्हात आपण तिला पंधरा मिनिटं हुसकावून ठेवलं तर आतल्या पिल्लाचं काय होत असेल, ते ओळखा. ती ओरडायला लागली की आल्या वाटेनं मागं फिरायचं, अंडी शोधायची नाहीत. पंख मोडल्यासारखा फरफटवत ती पुढं पळत असेल तर ते सोंग आहे, घरट्यापासून लांब न्यायला. तिच्या सोंगाला मान द्यावा! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची घरटी-अंडी विस्कटणंही येतं, हे "आमचं कुत्रं काय करतंय" म्हणणाऱ्यांना माहीत नसतं.

म्हणून पट्टा. आणि साधा गळपट्टा नव्हे. मुधोळच्या रक्ताचं कुत्रं डोळ्यानं शिकार हेरतं. ससा उठला की तुमची हाक त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यात डोकं मानेइतकंच निमुळतं, त्यामुळं मागं सरकलं की पट्टा अलगद निघतो. छातीचा पट्टा घ्या, दोरी सहा फुटांची. भीमगडसारख्या अभयारण्यात मात्र पट्ट्यासकटही नेऊ नका.

कुसळाकडं दुर्लक्ष

वाळलेल्या गवताचं कुसळ पुढंच सरकतं, मागं येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की कुत्रं सारखा पंजा चाटतं, कानात गेलं की मान तिरकी करून डोकं झटकतं. वरवर दिसत असेल तर चिमट्यानं सरळ ओढा. कानात गेलेलं स्वतः काढू नका. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नका.

फुरसं-घोणस चावल्याचा संशय आला तर आवळपट्टी नको, चिरा नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

कळपाजवळून जाणं

गोकाक, अथणीकडच्या कोरड्या माळांवर मेंढरं भेटतात आणि त्यांची राखण करणारी कुत्रीही. त्यांच्या लेखी तुमचं कुत्रं म्हणजे चोर किंवा लांडगा. पळू नका. लांबूनच मेंढपाळाला हाक द्या, कानडीत दिलीत तर आणखी बरं, आणि वळसा घाला. रेबीज, डिस्टेंपरच्या लसी झालेल्या नसतील तर जाऊच नका. हे रोग आपल्या कुत्र्याकडून खोकड-कोल्ह्यांत आणि त्यांच्याकडून आपल्या कुत्र्यात जातात.

घरी आल्यावर दारातच गोचीड बघायचे: कानामागं, बगलेत, बोटांच्या मधे. शेजारचे काका दरवेळी रॉकेल लावायला सांगतात. लावू नका. चिमट्यानं कातडीलगत धरून सावकाश ओढा.