कॉलेजच्या स्पोर्ट्‌सचा इतिहास लिहायला घेताय?

सांगलीत एका कॉलेजच्या जिमखान्यात माझी सव्वीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर वार्षिक मैदानी स्पर्धांचा इतिहास लिहायला घेतला. तुम्हीही आपल्या कॉलेजचा लिहिणार असाल, तर एक हट्ट धराच : आकडा उतरवताना त्याचं माप, साल आणि तो कुठून मिळाला, हे त्याच ओळीत लिहा.

आमच्या रेकॉर्डच्या फळ्यावर '४०० मीटर – ५३.२' असं होतं. त्या धावपटूच्या घरी, तासगावकडे, गेलो. मुलानं ट्रंकेतून सर्टिफिकेट काढलं. घडीवर फाटलेलं, कडेला वाळवी लागलेली. त्यावर शाईनं स्वच्छ लिहिलं होतं, '४४० यार्ड'. फळा नव्यानं रंगवताना यार्डांचे मीटर झाले होते. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर. त्याच वेळेत तो माणूस चारशेच्या वर आणखी दोन मीटरहून जास्त पळाला होता आणि इतकी वर्षं आम्ही ते त्याच्या खात्यावर धरलंच नव्हतं. मला फार लागलं ते. मिल्खासिंग यांनी १९५८ साली कार्डिफला सोनं जिंकलं, तेही ४४० यार्डांतच.

सर्टिफिकेटवर तारीख नव्हती, पण जिल्हा 'दक्षिण सातारा' होता. हे नाव १९४९ ते १९६० एवढंच चाललं, नंतर सांगली झालं. अशा खुणा सोडू नका. शिवाजी विद्यापीठ १९६२चं, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. त्यामुळे जुने निकाल कोल्हापुरात शोधत बसू नका.

कागदांत वार्षिक अंक आधी बघा. डिसेंबरातल्या स्पर्धा पुढच्या सालच्या अंकात येतात, म्हणून साल १९७१-७२ असंच जोडून लिहा. डेड स्टॉक रजिस्टर तर कुणी उघडतच नाही. बांबू उडीचे बांबू, हर्डल्स, स्टॉपवॉच कधी घेतले ते त्यातच सापडतं. आणि प्रत्येक पानाचा फोटो पहिल्याच दिवशी काढा. आमची खालच्या कप्प्यातली रजिस्टरं ऑगस्ट २०१९च्या पुरात गेली.

भालाफेकीचे दोन तक्ते करा. पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य १९८६ साली पुढे सरकवला, फेक आखूड झाली. जुन्या-नव्याची तुलना करणं नव्या पोरांवर अन्याय आहे. हातघड्याळाची आणि इलेक्ट्रॉनिक वेळही वेगळी मांडा.

सगळ्यात जास्त वेळ मुलींसाठी ठेवा. लिंबू-चमचा कधी बंद झाला, ८०० मीटर कधी सुरू झाली, हे त्यांनाच विचारा. लग्नानंतर नावं बदलतात, त्यामुळे बऱ्याच जणी यादीतून गळतात. माहेरचं नाव मुख्य ठेवा, सासरचं शेजारी लिहा. एकीचा पत्ता लागला की तिच्याकडून दुसरीचा लागतो. आमच्या एका रिलेतल्या तिघी अशाच सापडल्या, मिरज, विटा आणि इस्लामपूरला. चौथीचं आडनाव अंकात चुकीचं छापलंय; तिला अजून शोधतोय.