नळाची चमक ॲसिडनं उडाली, सिंकला डाग पडले: काय निघतं आणि काय निघत नाही

बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरायला महिनाही लागत नाही. मग कुणीतरी मोरीतली ॲसिडची बाटली काढतं. थर फेसासकट दोन मिनिटांत जातो, आणि काही दिवसांनी नळ पिवळट, खरबरीत दिसायला लागतो. गावात चार-आठ दिवसांआड पाणी सुटत असेल तर ते ॲसिड नीट धुतलंही जात नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं. म्हणून बाटली उघडण्याआधी दोन बादल्या भरून शेजारी ठेवा. तेवढं पाणी नसेल तर त्या दिवशी ते काम काढूच नका.

डाग दिसला की आधी जागा धुऊन कोरडी करा आणि वरून नख फिरवा. नखाला उंचवटा लागला तर धातूवर काहीतरी बसलंय, ते निघेल. नख खाली अडकलं तर धातूच खाल्ला गेलाय, तिथं घासून हाताला काही लागणार नाही.

ॲसिड नुकतंच सांडलं असेल तर हातमोजे घालून त्यावर तीन-चार तांबे पाणी ओता. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा विरघळवून फिरवा, पुन्हा धुवा, फडक्यानं कोरडं करा. ब्लीच सांडलं असेल तर फक्त पाणी. त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा ॲसिड पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

आता नळ. चकचकीत नळ आतून बहुधा पितळेचा असतो. त्यावर निकेल, आणि निकेलवर क्रोमचा मुलामा. हा मुलामा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि मोरीचं ॲसिड त्याला विरघळवतं. पिवळं दिसतंय ते खालचं निकेल किंवा पितळ. ते पॉलिशनं परत पांढरं होत नाही, उलट उरलंसुरलं क्रोम जातं. गाडीचं मेण पातळ लावून ठेवलं तर खराबी सावकाश वाढते, एवढंच. साध्या नळावर नवा मुलामा चढवून घेण्यापेक्षा नवा नळ परवडतो.

क्षार काढायला निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी घ्या. त्यात भिजवलेलं फडकं नळाला गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशनं घासा, धुवा, पुसा. जाड थराला हेच दोन-तीनदा करा. रात्रभर बांधून ठेवायचा सल्ला सर्रास मिळतो, पण मुलाम्याला बारीक भेग असली तर व्हिनेगर त्यातून आत शिरतं.

स्टीलच्या सिंकमधले तपकिरी ठिपके बघून लोक स्टील नकली ठरवतात. दर वेळी तसं नसतं. तारेच्या घासणीचे लोखंडी कण सिंकमध्ये चिकटून गंजतात. किंवा सिंकखाली ॲसिडची बाटली ठेवलेली असते आणि झाकणातून निघणारी वाफ स्टीलवरचा संरक्षक थर मोडते. बाटली आधी तिथून हलवा. मग सिंक साध्या पाण्यानं चांगलं धुवा, म्हणजे ब्लीचचा अंश राहणार नाही. पाव लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवा. त्यात भिजवलेलं सुती फडकं ठिपक्यांवर वीस ते तीस मिनिटं पसरून ठेवा, मध्ये वाळू देऊ नका. नंतर मऊ घासणीनं स्टीलच्या रेघांच्या दिशेनंच घासा. आडवं घासलं तर ओरखडे कायमचे राहतात. ओटा कडप्प्याचा असेल तर हे पाणी त्यावर सांडू देऊ नका, तो चुनखडीचा दगड आहे, पांढरा डाग पडेल.

ॲल्युमिनियमचं उलटं. त्याला धुण्याचा सोडा चालत नाही, सोड्याच्या पाण्यात उकळलं की ते काळं पडतं. काळेपणाच्या वर येईल एवढं पाणी घ्या, लिटरमागे लिंबाएवढी चिंच टाकून दहा-पंधरा मिनिटं उकळा, निवल्यावर घासा. कुकरची कड खड्डे पडून खरबरीत झाली असेल आणि गास्केट बदलूनही वाफ निसटत असेल, तर तो कुकर वापरातून काढा.

पितळेचा घोळ सणाच्या आदल्या दिवशी होतो. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंचेत बुडवून ठेवले जातात, बाकीच्या कामांत विसरले जातात, आणि बाहेर काढल्यावर गालांवर गुलाबी चट्टे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटानं वरचं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. त्यावर आणखी चिंच चोळली तर चट्टा वाढतो. चाळलेली राख किंवा धातूचं पॉलिश मऊ फडक्यावर घेऊन थोडं थोडं घासा, वरचा तांबूस थर उतरतो. पुढच्या वेळी चिंच तीन ते पाच मिनिटंच ठेवा. डोळे-भुवया रंगवलेल्या असतील तर बुडवूच नका, ओल्या कापसानं कडेकडेनं पुसा. जे पितळ विकत घेतल्यापासून कधीच काळवंडलं नाही, त्यावर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण असतं. त्याला साबणाचं पाणी पुरे. आणि आतून कल्हई असलेल्या पातेल्याला आतून घासायची पावडर लावू नका. आतलं पितळ दिसू लागलं की कल्हई करून घेईपर्यंत त्यात आंबट शिजवू नका.

बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली डबी किंवा फुलदाणी या सगळ्यातून बाजूला ठेवा. तिचा काळा रंग पावडरीनं आणि चिंचेनं उतरतो, आणि घरी परत आणता येत नाही. फिकी वाटली तर खोबरेलाचा हलका हात फिरवून पुसून घ्या.

राहिले कपाटाचे पाय. शहाबादी फरशी ॲसिडच्या पाण्यानं पुसली की फरशी तर खराब होतेच, शिवाय ते पाणी लोखंडी कपाटाखाली साचतं आणि पाय तळातून गंजतात. कपाट रिकामं करा, दोघांनी मिळून भिंतीला टेकवून तिरकं करा. गंज 120 नंबरच्या पॉलिश पेपरनं उतरवा, मग 220 नं, कोरडं पुसा. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात द्या, तो पूर्ण वाळल्यावर एनॅमलचे दोन. खाली प्लास्टिकचे बूट घाला, पण त्यांत पाणी साचत नाही ना, ते दर पंधरा दिवसांनी बघा.